वाळूतून वर आलेली मान

चित्र कृष्णधवल आहे. खाली वाळू पसरलेली, मागे जुन्या ग्रीक देवळांना असतात तसे खांब, आणि वाळूतून वर आलेली एक तरुण मुलगी. वर आलेलं म्हणजे फक्त चेहरा, मान आणि उघडे खांदे. बाकीची ती सगळी वाळूच्या आत. तिच्यापुढे खांब इतके छोटे की खांब खेळण्यातले आहेत की मुलगी डोंगराएवढी आहे, हे पटकन ठरवता येत नाही.

साल १९५०. मुलीचं नाव ऑड्री हेपबर्न, छायाचित्रकार अँगस मॅकबीन. चित्र काढलं गेलं ते क्रूक्स कंपनीच्या लॅक्टो-कॅलामाइन या त्वचेच्या क्रीमच्या जाहिरातीसाठी. हे नाव मराठी घरांना परकं नाही. घामोळं आलं, उन्हानं चेहरा काळवंडला की कपाटातून निघणारं ते गुलाबी लोशन आपल्यापैकी अनेकांनी आईच्या हातून लावून घेतलं आहे. कॅलामाइनमध्ये झिंक ऑक्साइड असतं आणि अगदी थोडं लोहाचं ऑक्साइड. गुलाबी रंग येतो तो त्या लोहामुळे. तर त्या लोशनच्या विलायती भावंडाची ही जाहिरात, आणि तिच्यात पुढे साऱ्या जगाला ओळखीचा झालेला चेहरा.

मी हे एक चित्र अभ्यासासाठी निवडलं त्याला कारण आहे. हेपबर्न मुळात बॅले नर्तकी. लहानपणापासून तिनं जे घोटलं ते पायांत होतं: घोटे, पावलांच्या कमानी, मांडीपासून बाहेर वळवलेले पाय, बोटांच्या टोकावर तोलायचं शरीर. आणि लोकांसमोर तिचा चेहरा मोठ्या प्रमाणावर नेणाऱ्या सुरुवातीच्या चित्रांपैकी या एका चित्रात पायच नाहीत. नर्तकीची अभिनेत्री कशी झाली, या प्रश्नाचं उत्तर सहसा चित्रपटांच्या यादीतून दिलं जातं. मला ते या एका चित्रात जास्त स्पष्ट दिसतं.

आर्नहेम ते लंडन

हेपबर्नचा जन्म ४ मे १९२९ चा, ब्रसेल्समधल्या इक्सेल भागातला. आई डच सरदार घराण्यातली. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा आईनं तिला इंग्लंडमधून हॉलंडमध्ये, आर्नहेमला आणलं. पहिल्या महायुद्धात हॉलंड तटस्थ राहिलं होतं, तसंच याही वेळी राहील असा हिशेब. तो चुकला. मे १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि पुढची पाच वर्षं मुलीचं बालपण त्या सत्तेखाली गेलं. १९४२ मध्ये तिच्या मावशीच्या यजमानांना ओलीस धरून गोळ्या घातल्या गेल्या.

या काळात आर्नहेमच्या संगीतशाळेत ती विनिया मारोवा यांच्याकडे बॅले शिकत होती. पुढे तिनं ‘काळ्या संध्याकाळीं’मध्ये नाच केला. डच लोक त्या बैठकींना याच अर्थाचं नाव देत. कुणाच्या तरी घरात खिडक्या झाकून, कंदील मंद करून मोजक्या लोकांसमोर कार्यक्रम व्हायचा आणि जमलेले पैसे प्रतिकार चळवळीकडे किंवा लपून राहिलेल्यांकडे जायचे. टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण आवाज रस्त्यावर गेला तर सगळेच पकडले जातील. नाच संपला की शांतता. आपला सर्वांत चांगला प्रेक्षक तोच होता, अशी आठवण तिनं नंतर सांगितली.

सप्टेंबर १९४४ मध्ये आर्नहेमची लढाई झाली, शहर रिकामं करवलं गेलं, आणि मागोमाग डच लोक ज्याला ‘भुकेचा हिवाळा’ म्हणतात तो आला. त्या हिवाळ्यात सुमारे वीस हजार माणसं दगावली असं मानलं जातं. लोकांनी ट्युलिपचे कंद खाल्ले. आर्नहेमजवळच्या वेल्प गावात राहणाऱ्या या मुलीला रक्तक्षय झाला, अंगावर सूज आली. एप्रिल १९४५ मध्ये ते गाव मुक्त झालं. काही दिवसांनी तिला सोळा वर्षं पूर्ण झाली.

हे सगळं इथे सांगण्याचं कारण म्हणजे मॅकबीनच्या चित्रातली गळ्याखालची ती स्पष्ट हाडं. पुढच्या काळात फॅशनच्या जगानं त्या हाडांना सौंदर्याचं माप करून टाकलं, आणि आजही मुली तशी बारीक होण्यासाठी जेवण तोडतात. वाढीच्या वयात पुरेसं खायला न मिळालेल्या शरीराचा त्या रेषेत वाटा आहे. तिचं कौतुक करताना हे विसरणं मला बरोबर वाटत नाही.

युद्धानंतर ॲमस्टरडॅममध्ये सोनिया गॅस्केल यांच्याकडे ती शिकली. याच गॅस्केलबाईंनी पुढे १९६१ मध्ये डच राष्ट्रीय बॅलेची उभारणी केली. १९४८ मध्ये हेपबर्न शिष्यवृत्तीवर लंडनला मारी रॅम्बर्ट यांच्या शाळेत दाखल झाली. रॅम्बर्ट म्हणजे मूळच्या वॉर्साच्या, रशियन नर्तक निजिन्स्कीला १९१३ च्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या गाजलेल्या नृत्यरचनेत ताल मोजायला मदत करणाऱ्या, आणि नंतर ब्रिटिश बॅले घडवणाऱ्यांपैकी एक. त्यांची नजर पारखी आणि जीभ सरळ. हेपबर्ननं त्यांना विचारलं की मला पहिल्या फळीची नर्तकी होता येईल का. उत्तर नकारार्थी आलं. उंची सुमारे १७० सेंटिमीटर. बोटांच्या टोकावर उभी राहिली की आणखी वाढणार, आणि तेव्हाचे बहुतेक पुरुष जोडीदार तिच्यापुढे ठेंगणे पडणार. शिवाय ज्या वयात स्नायू घडायचे ती वर्षं उपासमारीत गेलेली. शिकवायला शिक, साथीला नाच, पण प्रमुख नर्तकी नाही.

लोक या प्रसंगाला रॅम्बर्टबाईंचा कठोरपणा म्हणतात. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला आणखी पाच वर्षं आशेवर झुलवत ठेवणं सोपं होतं. शाळेला एक विद्यार्थिनी मिळत राहिली असती.

पोटापाण्याचं नृत्य

मग सुरू झाला तो कोरसचा काळ. १९४८ च्या अखेरीस लंडनच्या हिपोड्रोममध्ये एका अमेरिकी संगीतिकेत ती मागच्या रांगेतली मुलगी होती. १९४९ मध्ये केंब्रिज थिएटरमध्ये ‘सॉस टार्टार’ आणि १९५० च्या एप्रिलमध्ये तिथेच ‘सॉस पिकांत’. दोन्ही हलकेफुलके, गाणी-नाच-विनोदाची मिसळ असलेले कार्यक्रम. दुसरा तर दोनेक महिन्यांतच बंद पडला. रात्री रंगमंचावरचं काम आटोपलं की ऑरेंज स्ट्रीटवरच्या सिरोज या नाइटक्लबमध्ये आणखी एक खेळ. सकाळी जमेल तसा सराव.

या कामात बॅलेचा उपयोग होता आणि नव्हताही. बॅलेमुळे तिची बैठक इतर मुलींपेक्षा वेगळी दिसायची. पण कोरसमध्ये वेगळं दिसणं हा गुण नसतो. रांगेत सगळ्यांचे पाय एका उंचीवर जायला हवेत. तरी नजरा तिच्यावर थांबत राहिल्या. ‘सॉस टार्टार’मध्ये तिला पाहून अँटनी बोशँप या लंडनच्या छायाचित्रकारानं तिची छायाचित्रं काढली. म्हणजे मॅकबीनच्या आधीच कॅमेऱ्याला तिचा शोध लागला होता. मॅकबीननं तिला शोधून काढलं असं कुठे वाचलं तर ते अर्धवट समजावं.

छायाचित्रकार

अँगस मॅकबीनचा जन्म १९०४ चा, साउथ वेल्समधला. छायाचित्रकार होण्याआधी त्यानं लंडनच्या लिबर्टी दुकानात नोकरी केली, मुखवटे बनवले, नाटकांसाठी सामान तयार केलं. ही सुतारकाम-रंगकामाची सवय त्याच्या चित्रांत शेवटपर्यंत दिसते. ह्यू सेसिल यांच्या स्टुडिओत उमेदवारी करून १९३५ मध्ये त्यानं स्वतःचा स्टुडिओ काढला. १९३६ मध्ये आयव्हर नोव्हेलोच्या एका नाटकासाठी त्यानं मुखवटे केले आणि छायाचित्रंही घेतली. त्याच नाटकात विवियन ली ही नटी होती, आणि तिची छायाचित्रं तो पुढे तीस वर्षं काढत राहिला.

१९३६ च्या उन्हाळ्यातच लंडनमध्ये अतिवास्तववादी कलेचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. चित्रकार साल्वादोर दाली तिथे पाणबुड्याचा पोशाख घालून भाषणाला उभा राहिला आणि आत गुदमरायला लागला, तेच ते प्रदर्शन. चित्रकारांनी स्वप्नांतून आणलेली ती विचित्र दृश्यं मॅकबीननं स्टुडिओत प्रत्यक्ष उभी करायला घेतली: ओसाड मैदान, ढग, तुटके पुतळे, नको तिथे उगवलेले चेहरे, आणि त्या मधोमध रंगभूमीवरची एखादी नामांकित बाई. विवियन लीला त्यानं पहाटेची देवता करून कापसाच्या ढगांत बसवलं. १९३७ पासून ‘द स्केच’ या साप्ताहिकात ही चित्रं येऊ लागली आणि लंडनच्या नटनट्यांना त्या मालिकेत आपली वर्णी लागावीशी वाटू लागली.

मग १९४२ मध्ये समलिंगी संबंधांच्या आरोपावरून त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. इंग्लंडमध्ये तेव्हा तो गुन्हा होता. १९४४ मध्ये सुटला तेव्हा स्टुडिओ गेलेला, नाव बदनाम झालेलं. त्यानं कोव्हेंट गार्डनजवळ एंडेल स्ट्रीटवर पुन्हा स्टुडिओ थाटला, आणि रंगभूमीनं त्याला परत घेतलं: ओल्ड विक, ऑपेरा, बॅले, सगळीकडची कामं येऊ लागली. तुरुंगातून आलेल्या माणसाला नटमंडळींनी दाराबाहेर ठेवलं नाही, ही गोष्ट मला त्या काळच्या लंडनबद्दल पुष्कळ सांगून जाते.

युद्धानंतर ते स्वप्नांचं वेड ओसरलं होतं. मॅकबीनचं रोजचं काम म्हणजे नाटकाच्या रंगीत तालमीची सरळ छायाचित्रं. जाहिरातीच्या निमित्तानं मात्र त्याला जुनी पेटी पुन्हा उघडता आली.

तिघांच्या गरजा

हे चित्र असं का दिसतं, याचं उत्तर मी प्रतिभेत शोधण्याआधी व्यवहारात शोधते.

कंपनीला त्वचा विकायची होती. क्रीम लागतं ते चेहऱ्याला, मानेला, खांद्यांना. त्यामुळे तेवढंच दिसायला हवं आणि ते उघडं हवं. पण १९५० च्या इंग्लंडमध्ये औषधांच्या दुकानात लावायच्या चित्रात उघड्या खांद्याच्या मुलीला काहीतरी सभ्य सबब लागते. वाळू ही सबब पुरवते. वाळू म्हटलं की ऊन, ऊन म्हटलं की कोरडी पडणारी, भाजणारी कातडी; क्रीमची गरज न बोलता सांगून झाली. ग्रीक खांब आले की उघडे खांदे संगमरवरी पुतळ्याचे होतात आणि कुणाची तक्रार राहत नाही.

मॅकबीनला मोजमापाचा खेळ हवा होता. लहान वस्तू कॅमेऱ्यापासून नेमक्या अंतरावर ठेवून माणूस अवाढव्य करायचा किंवा उलट, ही त्याची हातखंडा युक्ती. काचेच्या मोठ्या प्लेटवर घेतलेल्या निगेटिव्हमध्ये बारीकसारीक तपशील इतका स्वच्छ येतो की बनाव कुठे सुरू होतो ते दिसत नाही. त्यावर पेन्सिलीनं रिटचिंग, म्हणजे डाग झाकायचं काम, व्हायचं, आणि ती त्या काळी प्रत्येक स्टुडिओची रीतच होती. क्रीमच्या जाहिरातीतली निर्मळ त्वचा थोडी क्रीमची, थोडी पेन्सिलीची.

मुलीला पैसे हवे होते. आई आणि ती, दोघींचा लंडनमधला खर्च होता. छायाचित्रासाठी बसणं हे रात्रीच्या दोन-दोन खेळांपेक्षा हलकं काम.

या तीन गरजा एकमेकींवर नेमक्या बसल्या आणि त्यातून पाय गाळलेलं चित्र तयार झालं. तिला नर्तकी म्हणून पुसून टाकायचं, असा कुणाचा हेतू नव्हता. क्रीमवाल्याला तर ती नर्तकी आहे की टंकलेखिका, यानं काही फरक पडत नव्हता.

मान वाचताना

आता मूळ मुद्दा. पाय वाळूत गेले, मग बॅले कुठे गेलं?

चित्रात मान पाहा. ती खांद्यांतून सरळ वर निघते आणि खांदे खाली उतरलेले आहेत. आपण कॅमेऱ्यासमोर बसलो की अवघडतो, खांदे नकळत कानांकडे चढतात आणि मान आखूड होते. प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये याचे पुरावे आहेत. बॅलेच्या विद्यार्थिनीला मात्र रोज, वर्षानुवर्षं, सरावाच्या आडव्या दांड्यापाशी उभं राहून एकच गोष्ट ऐकावी लागते: खांदे खाली, मान लांब, पाठीच्या वरच्या भागातून हात. खांदे आणि डोकं यांनी शरीराच्या दिशेला छेद देत वळायचं, या शिस्तीला बॅलेत ‘एपोलमाँ’ असं स्वतंत्र नाव आहे. आपल्याकडे भरतनाट्यमच्या वर्गात ग्रीवाभेद वेगळे शिकवतात, सुंदरी, तिरश्चीना, परिवर्तिता, प्रकंपिता. मानेला तिची तिची भाषा असते हे आपल्याला वेगळं समजावायला नको. फरक इतकाच की ग्रीवाभेदांत मान हलून बोलते, आणि एपोलमाँमध्ये ती खांद्यांशी कोन धरून बोलते.

म्हणून मॅकबीनच्या चित्रातली मान ही निसर्गानं दिलेली लांब मान इतकीच नाही. लांब मान पुष्कळांना असते. ती तशी धरून ठेवणारे पाठीचे स्नायू आर्नहेम, ॲमस्टरडॅम आणि लंडनमध्ये नॉटिंग हिलच्या रॅम्बर्टबाईंच्या वर्गांत तयार झालेले आहेत. वाळूखाली न दिसणारं शरीर वर दिसणाऱ्या रेषेला आधार देतं आहे. बॅले शिकलेल्या व्यक्तीला हे चित्र दाखवावं. बसलेल्या स्थितीतही पाठ कुठून उचलली आहे, ते ती व्यक्ती बोटानं दाखवेल.

‘बॅलेचं नुकसान झालं, सिनेमाचा फायदा झाला’ हे वाक्य हेपबर्नबद्दल फार वेळा लिहिलं जातं. मला ते पटत नाही. बॅलेनं ज्या शरीराला प्रमुख भूमिका नाकारली, त्याच शरीरातलं बॅले सिनेमानं उचललं. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला पायांची रेषा दिसते, मानेतला अर्धा इंच दिसत नाही. कॅमेऱ्याला तो अर्धा इंच दिसतो. उंचीमुळे तिला जोडीदार मिळत नव्हता. चेहऱ्याजवळ आलेल्या भिंगासमोर उंचीचा प्रश्नच उरत नाही.

तुलनेला मॉइरा शिअरर घ्यावी. हेपबर्न रॅम्बर्टच्या शाळेत दाखल झाली त्याच १९४८ मध्ये पॉवेल आणि प्रेसबर्गर यांचा ‘द रेड शूज’ आला. शिअरर लंडनच्या सॅडलर्स वेल्स या बॅले मंडळीची पहिल्या फळीची नर्तकी, सिनेमाला बराच काळ नाही म्हणत राहिलेली. त्या चित्रपटात रॅम्बर्टबाईंच्या मर्क्युरी थिएटरमधला एक प्रवेश आहे आणि त्यात खुद्द रॅम्बर्टबाई स्वतःच्याच भूमिकेत क्षणभर दिसतात. चित्रपटाचं नावच बुटांवरून. सिनेमानं शिअररचे पाय घेतले, आणि ती शेवटपर्यंत आधी नर्तकी, मग नटी राहिली. फ्रेंच नर्तकी लेस्ली कॅरोनला हॉलिवूडचा नर्तक-नट जीन केलीनं पॅरिसच्या रंगमंचावर नाचताना पाहून नेलं, तिचा १९५१ चा पहिला चित्रपटही नाचाचाच. हेपबर्नची वाट या दोघींपेक्षा वेगळी: तिला पायांशिवाय आत घेतलं गेलं. त्यामुळेच तिच्यावर नाचाच्या भूमिकांचा शिक्का बसला नाही, असं माझं मत आहे.

पुढे काय झालं

हे चित्र ब्रिटनभर औषधांच्या दुकानांत झळकलं. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या माणसानं तो चेहरा पाहिला, नाव न कळता. जाहिरातीतली मुलगी निनावीच असते.

चित्रामुळे चित्रपट मिळाले असा दावा मी करणार नाही. तो सोयीचा आहे, पण घटनाक्रम अधिक गुंतागुंतीचा आहे. १९५० मध्येच तिला छोट्या भूमिका मिळू लागल्या होत्या. १९५१ मध्ये लंडनच्या दोन विनोदी चित्रपटांत ती क्षणभर येऊन जाते. त्यातल्या एकात सिगारेट विकणारी, दुसऱ्यात नट अलेक गिनेसकडून पैसे घेऊन निघून जाणारी. मग थोरोल्ड डिकिन्सनच्या ‘सीक्रेट पीपल’मध्ये खरी भूमिका आली आणि तीही बॅले नर्तकीची. तो चित्रपट १९५२ मध्ये आला. वाळूखालचे पाय तिथे एकदा वर आले म्हणायचे. त्यानंतर तिनं पडद्यावर नाच केला, १९५७ मध्ये फ्रेड अस्टेअरबरोबरही केला, पण बॅले नर्तकीच्या भूमिकेवर तिची कारकीर्द उभी राहिली नाही.

१९५१ मध्येच माँटे कार्लोला एका चित्रपटाच्या चित्रीकरणात फ्रेंच लेखिका कोलेट हिनं तिला पाहिलं आणि आपल्या ‘जीजी’ या कथेवरच्या न्यूयॉर्कमधल्या नाटकासाठी तिला निवडलं. २४ नोव्हेंबर १९५१ रोजी ते नाटक रंगमंचावर आलं. त्याआधी १८ सप्टेंबरला लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत ‘रोमन हॉलिडे’साठी तिची पडदा-चाचणी झाली, आणि ती घेणारे पुन्हा डिकिन्सनच. दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी सांगून ठेवलं होतं की ‘कट’ म्हटल्यावरही कॅमेरा बंद करू नका. संपलं असं समजून ती सैल झाली, बसली, हसली, बोलली, आणि तेच वायलरना हवं होतं. १९५३ मध्ये चित्रपट आला, मार्च १९५४ मध्ये ऑस्कर.

या चाचणीची गोष्ट मॅकबीनच्या चित्राशेजारी ठेवून पाहावी. मॅकबीननं तिला हलूच दिलं नाही; पुतळा केलं. वायलरला ती नकळत कशी हलते ते पाहायचं होतं. आणि दोन्हीकडे मान तीच. सैल बसलेली असतानाही तिच्या पाठीतून बॅले जात नाही.

कागद

शेवटी वस्तूबद्दल, कारण जुनं छायाचित्र हे प्रतिमेइतकंच कागदही असतं. या चित्राच्या प्रती पुष्कळ फिरतात, आणि ‘व्हिंटेज’ हा शब्द कुणीही कशालाही लावतो. छायाचित्रांच्या व्यवहारात त्याचा अर्थ बांधलेला आहे: निगेटिव्ह घेतलं त्या सुमारास, छायाचित्रकारानं स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली प्रिंट. चित्र जुनं असून प्रिंट कालची असू शकते.

पहिलं काम दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाचं. चित्र ठिपक्यांत फुटलं तर ती छापखान्यातली प्रत, म्हणजे जाहिरातीचं कार्ड किंवा मासिकाचं पान. तिलाही मोल आहे, पण ती फोटो-प्रिंट नव्हे. करड्या छटा सलग उतरत गेल्या तर पुढे जावं. मग कागद. १९५० च्या ब्रोमाइड कागदाची, म्हणजे कृष्णधवल प्रिंट काढायच्या कागदाची, पाठ कागदासारखीच लागते. प्लॅस्टिकचा गुळगुळीत थर असलेला कागद १९७० च्या आसपास रूढ झाला, तेव्हा तसा कागद हाताला लागला की प्रश्न मिटला. त्यानंतर अंधारात अतिनील दिवा. पांढरा भाग निळसर चमकला तर कागदात उजळपणा आणणारं रसायन आहे. ती रसायनं छायाचित्रांच्या कागदांत १९५० नंतरच्या वर्षांत पसरली. चमकणारी प्रिंट १९५० ची असण्याची शक्यता फार कमी. न चमकणारी प्रिंट मात्र तेवढ्यावरून १९५० ची ठरत नाही, कारण असं रसायन नसलेले कागद पुढेही बनत राहिले.

काळ्या भागांच्या कडेला, तिरप्या उजेडात, आरशासारखी निळसर झाक दिसते का तेही पाहावं. इमल्शनमधली, म्हणजे कागदावरच्या चित्र धरणाऱ्या थरातली, चांदी वर्षांनुवर्षं पृष्ठभागाकडे सरकते, त्यातून ती येते, आणि ती मुद्दाम आणणं अवघड आहे. रिटचिंगचंही असंच. निगेटिव्हवर केलेली पेन्सिल प्रत्येक प्रिंटमध्ये सारखी उतरते; प्रिंटवर ब्रशनं बुजवलेला पांढरा ठिपका फक्त त्या एका प्रिंटचा असतो. आणि पापण्या. प्रिंटचा फोटो काढून केलेल्या नकलेत पापण्या एकमेकींना चिकटतात, सावल्या बुजतात. काचेच्या प्लेटवरून आलेल्या प्रिंटमध्ये एकेक पापणी सुटी असते. पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का मी सगळ्यांत शेवटी पाहते, कारण शिक्का बनवायला रबर पुरतं.

ज्यांच्या घरी आजी-पणजीची अशी ब्रोमाइड प्रिंट काचेच्या फ्रेममध्ये थेट काचेला टेकून आहे, त्यांनी ती पावसाळ्याआधी काढावी. दमटपणानं इमल्शन काचेला चिकटतं, आणि एकदा चिकटलं की चेहरा काचेबरोबर निघतो. कोकणात हे किती घरांत झालंय ते मी पाहिलं आहे. प्रिंट आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवली तरी पुरेसं आहे.

मॅकबीननं १९६३ मध्ये बीटल्सच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी लंडनमधल्या ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या जिन्यातून वाकून पाहणाऱ्या चौघांचं छायाचित्र काढलं. १९७० मध्ये त्याच्या रंगभूमीविषयक काचेच्या प्लेट्स हार्वर्ड विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहाकडे गेल्या. वजन सुमारे साडेचार टन. १९९० मध्ये तो गेला.

२०१५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीनं हेपबर्नच्या छायाचित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्यात क्रीमच्या जाहिरातीची ती वाळूतली मुलगीही होती. या गॅलरीचा दस्तऐवजांचा संग्रह शेजारच्या ऑरेंज स्ट्रीटवरच्या एका इमारतीत असतो. तीच इमारत पूर्वी सिरोज नाइटक्लब होती. जिथे आता पेट्या आणि फायली ठेवल्या आहेत, तिथे एकविशीतली हेपबर्न मध्यरात्रीचा दुसरा खेळ करायला यायची, आणि तिथल्या प्रेक्षकांना तिचे पाय दिसायचे.